दोन याद्यांची एक यादी: बडोद्यातील एका ग्रंथसंग्रहाचे प्रकरण

बडोद्याला ग्रंथालयांचे अगत्य जुने आहे. महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १९१० साली अमेरिकेतून विल्यम बॉर्डन यांना बोलावून राज्यभर ग्रंथालयांचे जाळे उभारायला घेतले होते. दांडिया बाजाराच्या परिसरातील ज्या छोट्या मराठी ग्रंथसंग्रहाबद्दल मी लिहीत आहे, तो चार-दोन निवृत्त मंडळी आणि एक ग्रंथपाल बाई यांच्या कष्टांवर चालतो. त्यांच्याकडे सुमारे १२,००० पुस्तकांची यादी संगणकावर होती. एका दिवंगत प्राध्यापकांच्या घरच्यांनी सुमारे २,००० पुस्तके संग्रहाला दिली आणि त्यांच्या नातीने पुण्यात बसून त्या पुस्तकांची यादी मोठ्या काळजीने टंकित करून पाठवली. दोन्ही याद्या अकारविल्हे लावलेल्या होत्या. काम एवढेच होते की त्यांची एक अकारविल्हे यादी व्हावी.

संग्रहाचा प्रोग्रॅम अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षातील एका मुलाने सी प्लस प्लस या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहिला होता. मी प्रोग्रॅमिंग शिकवतो, म्हणून काम अडल्यावर त्याने मला बोलावले. जे घडले ते येथे क्रमाने मांडतो, कारण स्टँडर्ड लायब्ररीतील, म्हणजे भाषेबरोबर येणाऱ्या तयार फंक्शनांच्या संचातील, लिस्टच्या मर्ज या एका सदस्य-फंक्शनविषयी (ते दोन क्रमवार लिस्टची एक क्रमवार लिस्ट करते) जे समजून घ्यायला हवे, ते जवळजवळ सगळे या एका प्रकरणात येऊन गेले.

रचना आणि तिचे कारण

मुलाने नोंदी व्हेक्टरमध्ये, म्हणजे स्मृतीतील सलग रांगेत, न ठेवता लिंक्ड लिस्टमध्ये, म्हणजे दुव्यांनी जोडलेल्या सुट्या नोडांच्या साखळीत, ठेवल्या होत्या. बारा हजार नोंदींसाठी सहसा मी व्हेक्टरच सुचवतो, कारण सलग स्मृतीतील माहितीवर संगणक फार वेगाने चालतो आणि लिस्टचा प्रत्येक नोड कुठेतरी सुटा पडलेला असतो. पण येथे त्याच्या निवडीला आधार होता. देवघेवीच्या टेबलावर पुस्तक येते तेव्हा बाई दाखल क्रमांक टाइप करतात आणि ती नोंद लगेच समोर यावी लागते. त्यासाठी त्याने दाखल क्रमांकावरून थेट लिस्टमधील इटरेटरकडे, म्हणजे त्या नोंदीकडे बोट दाखवणाऱ्या खुणेकडे, नेणारा एक हॅश तक्ता (झटपट शोधाचा तक्ता) ठेवला होता. व्हेक्टरमध्ये मध्येच नोंद घातली की पुढच्या सगळ्या नोंदी सरकतात आणि असे जपून ठेवलेले इटरेटर निकामी होतात. लिस्टमध्ये तसे होत नाही.

मर्जचा खरा उपयोगही येथेच आहे. अल्गोरिदमच्या विभागात जे स्वतंत्र मर्ज फंक्शन आहे, ते दोन क्रमवार मालिका वाचून त्यांच्या घटकांच्या प्रती तिसऱ्या ठिकाणी लिहिते आणि मूळ मालिका तशाच राहतात. लिस्टचे स्वतःचे मर्ज मात्र कशाचीही प्रत करत नाही. ते नोडांचे दुवे बदलून दुसऱ्या लिस्टचे नोड पहिल्या लिस्टमध्ये ओवते. जुन्या ग्रंथालयात दोन खणांतील कार्डे एका खणात लावण्याचे काम ज्यांनी केले असेल त्यांना हे लगेच उमजेल: कार्ड नव्याने लिहायचे नसते, नुसते एका खणातून काढून दुसऱ्या खणात योग्य जागी सरकवायचे असते, आणि काम संपते तेव्हा दुसरा खण रिकामा असतो. त्यामुळे मर्जनंतरही दोन्ही लिस्टच्या नोंदींकडे नेणारे इटरेटर शाबूत राहतात. फक्त दुसऱ्या लिस्टचे इटरेटर आता पहिल्या लिस्टमधले होतात. हॅश तक्त्याला हात लावावा लागत नाही.

काय बिघडले

मुलाने मर्ज चालवले आणि खात्रीसाठी दोन्ही लिस्टची नोंदसंख्या छापली. देणगीच्या लिस्टपुढे शून्य आले. त्याला वाटले, दोन हजार नोंदी उडाल्या. घाबरून त्याने नातीची फाइल पुन्हा वाचली आणि पुन्हा मर्ज केले. पुन्हा शून्य. तेव्हा त्याने मुख्य लिस्टची संख्या पाहिली आणि ती चार हजारांनी वाढलेली दिसली. देणगीतले प्रत्येक पुस्तक आता दोनदा आले होते. ते निस्तरण्यासाठी त्याने युनिक हे फंक्शन चालवले, जे एकापाठोपाठ आलेल्या सारख्या नोंदींपैकी पहिली ठेवून बाकीच्या काढून टाकते. काही जुळ्या नोंदी गेल्या, बऱ्याच राहिल्या. दुसऱ्या दिवशी बाईंनी देवघेव सुरू केली तेव्हा देणगीतील काही दाखल क्रमांक टाकताच प्रोग्रॅम बंद पडू लागला.

मी गेलो तेव्हा बाईंनी तक्रार एका वाक्यात सांगितली: "सर, आलेली पुस्तकं अर्धी आपापल्या जागी आहेत आणि अर्धी शेवटी जाऊन बसली आहेत." मुलगा म्हणाला, "काका, लायब्ररीच्या मर्जमध्येच काहीतरी चूक असणार. मी दोन्ही याद्या डोळ्यांनी तपासल्या, दोन्ही क्रमाने आहेत."

शून्याचा उलगडा वर आलाच आहे: रिकामा खण हे काम झाल्याचे चिन्ह होते. खरा शोध घ्यायचा होता तो बाईंच्या वाक्याचा. मी छापील यादी मागवली आणि कोणत्या जुळ्या नोंदी गेल्या व कोणत्या राहिल्या ते पेन्सिलीने खुणावत गेलो. अ पासून क पर्यंतच्या बहुतेक जुळ्या नोंदी निघून गेल्या होत्या. ख पासून पुढे एकही गेली नव्हती. सीमा इतकी स्वच्छ होती की यंत्राची चूक असेल असे मला क्षणभरही वाटले नाही. क आणि ख यांच्यामध्ये काय असते?

क्ष असतो. पण तो कुणाच्या यादीत?

दोन अकारविल्हे

शाळेत आपण जी वर्णमाला घोकतो तिच्यात ह नंतर ळ, मग क्ष आणि शेवटी ज्ञ येतात. मुलाने स्वतःचा कम्पॅरेटर (दोन नोंदींपैकी आधी कोणती हे सांगणारे फंक्शन) लिहिताना हाच क्रम धरला होता, प्रत्येक अक्षराला त्याचा अनुक्रम देऊन आणि क्ष व ज्ञ यांना स्वतंत्र अक्षरे मानून. मुख्य यादी त्याच क्रमात होती आणि बाईंच्या जुन्या कार्डांचाही तोच क्रम होता.

नातीने मात्र पायथन या भाषेतील सॉर्टेड हे क्रम लावणारे फंक्शन वापरले होते. पायथन दोन शब्दांची तुलना युनिकोडमधील, म्हणजे प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणाऱ्या मानकातील, क्रमांकांनुसार करतो. युनिकोडमध्ये ल चा क्रमांक ०९३२, ळ चा ०९३३ आणि व चा ०९३५ आहे, म्हणजे ळ हा ल आणि व यांच्या मध्ये बसतो. क्ष ला तर स्वतःचा क्रमांकच नाही. तो क, हलन्त आणि ष असा तीन चिन्हांनी लिहिला जातो, आणि म्हणून क ची बाराखडी व क्र, क्व यांसारखी जोडाक्षरे संपताच, ख च्या उंबरठ्यावर येतो. ज्ञ तसाच ज आणि झ यांच्यामध्ये पडतो. सी प्लस प्लसमधील साध्या स्ट्रिंगची साधी तुलनाही यूटीएफ-८ (युनिकोडचे क्रमांक बाइटांत लिहिण्याची पद्धत) मजकुरावर नेमका हाच क्रम देते, कारण त्या पद्धतीत बाइटांचा क्रम आणि युनिकोडचा क्रम सारखा राहतो. मुलाने दोन्ही याद्या डोळ्यांनी तपासल्या होत्या हे खरे होते, आणि दोन्ही क्रमवार होत्या हेही खरेच होते. फक्त क्रम एक नव्हता.

मर्जची अट अशी आहे की दोन्ही लिस्ट त्याला दिलेल्या त्याच कम्पॅरेटरनुसार आधीच क्रमवार असल्या पाहिजेत. अट मोडली तर मर्ज तक्रार करत नाही, कारण ते अट तपासतच नाही. ते फक्त दोन्ही लिस्टच्या तोंडाशी उभ्या असलेल्या नोंदी पाहते. दुसरीची नोंद पहिलीच्या नोंदीपेक्षा लहान असेल तर ती उचलून पहिलीच्या आधी ओवते, नाहीतर पहिलीत एक पाऊल पुढे जाते. मागे कोण उभे आहे याची त्याला गरज नसते, आणि या आंधळेपणामुळेच ते इतक्या कमी तुलनांत काम उरकते.

हे मुलाला पटावे म्हणून आम्ही कागदावर छोट्या याद्या केल्या. मुख्य यादी: कथा, कावळा, खेळ, जीवन, झाड, हिमालय, क्षमा, ज्ञान. देणगीची यादी, युनिकोडच्या क्रमाने: कमळ, क्षितिज, खडू, जत्रा, ज्ञानदीप, झरा, हिरवळ. कम्पॅरेटर वर्णमालेचा. कथा जागीच राहते, कमळ तिच्यानंतर ओवले जाते. आता देणगीच्या तोंडाशी क्षितिज आहे. वर्णमालेत क्ष जवळजवळ शेवटचा, म्हणून क्षितिज हे कावळ्यापेक्षा लहान नाही, खेळापेक्षा नाही, जीवन, झाड, हिमालय यांच्यापेक्षाही नाही. मुख्य यादी पुढे सरकत राहते आणि क्षितिजाच्या मागे खडू, जत्रा, झरा आपली जागा समोरून निघून जाताना पाहत उभे राहतात. क्षमा गेल्यावर, ज्ञानाच्या आधी क्षितिजाला जागा मिळते, आणि त्याच्या पाठोपाठ खडू व जत्राही तेथेच शिरतात, कारण ज्ञानापेक्षा ते लहानच आहेत. मग ज्ञानदीप अडवतो, ज्ञान संपते, आणि ज्ञानदीप, झरा, हिरवळ शेपटाला जोडले जातात. हाती येते: कथा, कमळ, कावळा, खेळ, जीवन, झाड, हिमालय, क्षमा, क्षितिज, खडू, जत्रा, ज्ञान, ज्ञानदीप, झरा, हिरवळ. कागदावर शेवटचा शब्द लिहिताच मुलगा म्हणाला, "म्हणजे एक क्षितिज दारात आडवं उभं राहिलं."

बाईंची तक्रार हीच होती. जुळ्या नोंदींची सीमाही यातूनच उलगडते. दुसऱ्या वेळी वाचलेली देणगीची यादी तशीच क पर्यंत व्यवस्थित मिसळली, प्रत्येक नोंद आपल्या जुळ्याशेजारी बसली आणि युनिकने ती काढली. ख पासून पुढच्या नोंदी मात्र गटाने येऊन बसल्या: आधी एक सबंध गट, मग त्याची सबंध प्रत. शेजारी शेजारी कुणीच सारखे नाही, म्हणून युनिकला काही सापडले नाही.

क पर्यंतच्याही काही जुळ्या का राहिल्या, याचे उत्तर ळ मध्ये होते. देणगीच्या यादीत काळ हा शब्द कावळ्याच्या आधी होता, वर्णमालेनुसार तो का या अक्षराच्या अगदी शेवटी हवा. तेथे काळ थोडा वेळ वाट अडवतो, मागचे दोन-चार शब्द उशिरा बसतात, आणि कि सुरू होताच सगळे पुन्हा सुरळीत होते. अशा लहान भोवऱ्यांकडे यादी चाळताना लक्षही जात नाही. क्ष नसता तर ही चूक कदाचित वर्षभर कुणाला कळली नसती. कुणी "कावळा" शोधायला यावे, त्याला नेहमीच्या जागी तो सापडू नये, आणि पुस्तक नाही असे समजून त्याने परत जावे, एवढेच घडत राहिले असते. मला तो प्रकार अधिक गंभीर वाटतो.

बंद पडणारा प्रोग्रॅम

मर्ज इटरेटर शाबूत ठेवते, युनिक ठेवत नाही. युनिक नोड नष्ट करते आणि त्या नोडकडे नेणारे इटरेटर निराधार होतात. मर्जमध्ये सारख्या नोंदींच्या बाबतीत पहिल्या लिस्टची नोंद आधी येते, हे लायब्ररीचे वचन आहे. त्यामुळे जे पुस्तक संग्रहात आधीपासून होते आणि देणगीतही आले, त्याच्या बाबतीत संग्रहाची नोंद राहिली आणि देणगीची नोंद युनिकने नष्ट केली. हॅश तक्त्यात मात्र तिचा दाखल क्रमांक कायम होता, नष्ट झालेल्या नोडकडे बोट दाखवत. बाईंनी तो क्रमांक टाकला की प्रोग्रॅम कोसळे.

यातली तांत्रिक चूक दुरुस्त करणे सोपे होते. पण मला खरी चूक वेगळी वाटली आणि ती मी मुलाला स्पष्ट सांगितली: शीर्षक, लेखक, प्रकाशक आणि वर्ष सारखे असले म्हणून दोन पुस्तके एक होत नाहीत. कपाटात दोन प्रती आहेत, दोघींना आपापले दाखल क्रमांक आहेत, आणि एक प्रत वाचकाकडे असताना दुसरी देता येते. ग्रंथालयाच्या यादीत युनिक चालवण्याचे कारणच नव्हते. बाईंनी हे ऐकून नुसती मान हलवली. त्यांना हे पहिल्यापासून ठाऊक होते, कुणी विचारले नव्हते.

आणखी एक दोष कोडमध्ये दबा धरून बसलेला सापडला. मुलाने देणगीच्या पुस्तकांचा वेगळा अहवाल छापण्यासाठी मर्जच्या आधीच त्या लिस्टचा पहिला इटरेटर एका व्हेरिएबलमध्ये ठेवला होता आणि मर्जनंतर तेथपासून देणगीच्या लिस्टच्या शेवटापर्यंत लूप चालवण्याचा त्याचा विचार होता. तो इटरेटर वैधच राहतो, पण आता तो मुख्य लिस्टमध्ये चालतो. देणगीच्या लिस्टचा शेवट त्याला वाटेत कधीही भेटणार नाही, आणि मुख्य लिस्टचा शेवट ओलांडून तो जेथे जाईल तेथे काहीही होऊ शकते. अहवाल आम्ही मर्जच्या आधी छापायचे ठरवले.

दुरुस्ती

सुरुवात मूळ फाइलींपासूनच केली. बिघडलेली यादी सुधारत बसण्यात अर्थ नव्हता.

पहिले काम लेखनाचे निघाले, आणि ते मला अनपेक्षित होते. दऱ्या, सुऱ्या अशा शब्दांतला ऱ्य दोन प्रकारे टंकित होतो: एकात ०९३१ क्रमांकाचा ऱ असतो, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, तुलनेत ते वेगळे ठरतात, आणि युनिकोडचे नेहमीचे सामान्यीकरणही त्यांना एक करत नाही. नातीच्या कळफलकावर एक प्रकार होता, संग्रहाच्या संगणकावर दुसरा. फाइल वाचतानाच सर्व नोंदी पहिल्या प्रकारात आणण्याची सोय केली. त्याच वेळी प्रत्येक नोंदीत शीर्षकाची वर्णमालेनुसार तयार केलेली क्रम-किल्ली साठवली, म्हणजे प्रत्येक तुलनेच्या वेळी जोडाक्षरे फोडत बसावे लागू नये.

मग देणगीच्या लिस्टवर, मर्जला देणार त्याच कम्पॅरेटरने, लिस्टचे स्वतःचे सॉर्ट चालवले. मुलाने विचारले की सगळे एकत्र जोडून एकदाच सॉर्ट केले तर काय बिघडेल. काही बिघडणार नाही, उत्तर बरोबरच येईल. तुलनांचा हिशेब मात्र पाहण्यासारखा आहे. १४,००० नोंदींच्या मर्ज सॉर्टला वाईटात वाईट स्थितीत १,८०,००० च्या घरात तुलना लागतात. फक्त २,००० नोंदी सॉर्ट करायला सुमारे २०,०००, आणि मर्जला दोन्ही लिस्टच्या बेरजेपेक्षा एक कमी, म्हणजे जास्तीत जास्त १३,९९९. एकूण सुमारे ३४,०००. आजच्या संगणकाला दोन्ही आकडे क्षुल्लक आहेत हे मी लपवले नाही. तरीही आधीच लावलेल्या बारा हजार नोंदी पुन्हा लावणे मला पटत नाही.

मर्जच्या अगदी आधी दोन्ही लिस्ट त्याच कम्पॅरेटरने क्रमवार आहेत की नाहीत हे इज-सॉर्टेड या फंक्शनने तपासले. ते २०११ च्या मानकापासून लायब्ररीत आहे, आणि एका फेरीत काम उरकते. अट मोडलेली आढळली तर प्रोग्रॅम कोणत्या दोन शीर्षकांपाशी मोडली ते छापतो आणि थांबतो. जुनी फाइल मुद्दाम देऊन पाहिली तेव्हा त्याने ळ चे शीर्षक आणि त्याच्या पुढचे व चे शीर्षक दाखवले. क्ष पर्यंत जायची वेळच आली नाही.

मर्जच्या ओळीत देणगीची लिस्ट मूव्ह (ही वस्तू आता सुपूर्द केली असे सांगणारी खूण) लावून द्यायला मी आग्रहाने सांगितले. परिणामात त्याने फरक पडत नाही, साध्या रूपातही ती रिकामीच होते. पण २०११ पासून ही सोय आहे, आणि ती ओळ वाचणाऱ्या पुढच्या मुलाला तेथेच दिसते की ही लिस्ट आता गेली. कम्पॅरेटर समान नोंदींसाठी खोटे हेच उत्तर देतो ना, हेही तपासले. तेथे "लहान किंवा समान" अशी तुलना लिहिली असती तर लायब्ररीचे कोणतेच वचन लागू राहिले नसते आणि व्यवहारात संग्रहाची प्रत देणगीच्या प्रतीमागे गेली असती. युनिक काढून टाकले. त्याऐवजी यादीतून एक फेरी मारून लागोपाठच्या सारख्या पुस्तकांना प्रत पहिली, प्रत दुसरी असे क्रमांक दिले. मर्ज संग्रहाची नोंद आधी ठेवत असल्याने जुनी प्रत आपोआप पहिली ठरली.

प्रोग्रॅम चालला. देणगीच्या लिस्टची संख्या शून्य आली आणि मुख्य लिस्टची दोन्हींच्या बेरजेइतकी. हॅश तक्ता बदलावा लागला नाही. मुलाने पन्नासेक दाखल क्रमांक एकामागून एक टाकून पाहिले.

संग्रहात गुजराती पुस्तकांचा एक विभाग आहे आणि त्याची यादी अजून व्हायची आहे. गुजराती वर्णमालेतही ळ, क्ष आणि ज्ञ ह नंतरच येतात, आणि युनिकोडमध्ये गुजराती अक्षरांची मांडणी देवनागरीला समांतर असल्याने ळ तेथेही ल आणि व यांच्यामध्येच आहे. मुलाने कम्पॅरेटरची गुजराती आवृत्ती लिहायला घेतली आहे. बाईंनी त्या संध्याकाळी नवी छापील यादी शेवटच्या पानापासून वाचायला सुरुवात केली, ज्ञ ची पाने जुन्या खणातील कार्डांशी एकेक करून ताडली, आणि मग क्ष च्या कार्डांचा खण ओढला.